नाव घ्यावे ते नीट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी विषय विचारला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला सुचेल तो." अशी मोकळीक मिळाली की मनात जे टोचत असते तेच माणूस बोलतो. तेव्हा आज मी नावांविषयी बोलणार आहे. उखाण्यातल्या नव्हे, ते नाव घेण्यात आपण साऱ्याजणी तरबेज आहोत. दुसऱ्याचे नाव-आडनाव उच्चारताना आपली जी तारांबळ उडते, तिच्याविषयी.

वाण्याच्या दुकानापासून सुरुवात करू. कारण तिथली पुष्कळशी नावे ही मुळात कुणाची तरी आडनावेच आहेत. पायांतला बाटा घ्या. 1894 साली झ्लीन नावाच्या गावी तोमाश बात्या याने आपल्या भावाबहिणीसह हा जोड्यांचा कारखाना काढला. तो देश आजचा चेकिया. त्यांच्या लिपीत त्या 'टी'वर एक लहानशी खूण असते आणि उच्चार 'बात्या'च्या जवळ जातो. जोडे आपल्याकडे आले, खूण वाटेत गळाली, आणि बात्याचा बाटा झाला. इतका आपला झाला की ही कंपनी आपल्याच देशातली, असे मीसुद्धा लग्न होईपर्यंत समजत होते!

नेस्लेची कथा तशीच. हेन्री नेस्ले हा मूळचा जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा. जन्म 1814 चा. त्याच्या बोलीत या आडनावाचा अर्थ 'छोटेसे घरटे', म्हणून तर डब्यावर पक्षीण आणि तिची पिले काढलेली असतात. इंग्लंडात लोक या नावाला कित्येक वर्षे 'नेसल' म्हणत आणि त्यांना त्यात काही चुकते आहे असे वाटत नसे. म्हणजे नावे बिघडवण्याचा मक्ता काही आपल्याकडेच नाही. उलट लाइफबॉय साबणाच्या बाबतीत आपण नकळत बरोबर ठरलो. तो मुलगा नव्हे. पाण्यात बुडणाऱ्याकडे फेकतात ते तरंगते कडे. पण त्या शब्दाचा इंग्रजी उच्चार 'बॉय'च आहे, अमेरिकन माणूसच तेवढा 'बूई' म्हणतो. आमच्या आजीने अर्थ चुकवला, उच्चार मात्र अस्सल विलायती केला.

तर बाटा म्हटल्याने जोडा चावत नाही, आणि नेसल म्हटल्याने दूध नासत नाही. पण आडनाव डब्यावरून उतरून माणसाला लागले की गोष्ट वेगळी होते.

आपल्या आडनावांची पहिली गाठ पडते ती इंग्रजी अक्षरांशी. मोरे वाचले जातात 'मोअर', म्हणजे आणखी. साने होतात 'सेन', म्हणजे डोके ठिकाणावर असलेले. हे निदान कौतुकाचे तरी आहे. माने होतात 'मेन', म्हणजे घोड्याची आयाळ. आणि काळे होतात 'केल', ही तर हल्ली मोठ्या हॉटेलांत कोशिंबिरीला घालतात ती पालेभाजी. हसू येते खरे. पण दोष वाचणाऱ्याचा थोडा आणि अक्षरांचा फार आहे. ट आणि त यांना तिथे एकच अक्षर, ड आणि द यांना एकच, ल आणि ळ यांनाही एकच. चितळ्यांचा ळ आणि ओगल्यांचा ल कागदावर सारखेच दिसतात. ज्याने चितळ्यांची बाकरवडी खाल्लेली नाही आणि ओगल्यांचा प्रभाकर कंदील पाहिलेला नाही, त्याने ओळखावे तरी कशावरून? जाधवांचा ज आणि चव्हाणांचा च तर आपण नागरीतही वेगळा दाखवत नाही. तो फक्त कानाने कानाला दिलेला आहे.

बरे, नागरीत लिहिले की सुटलो, असेही नाही. हिंदीत ळ नाही. चेंबूरजवळच्या स्टेशनावर मराठीत 'टिळक नगर' असते आणि हिंदीत 'तिलक नगर'. लोकमान्यांचा ट गेला, ळही गेला. उरला तो कपाळावरचा टिळा. तेंडुलकरांचे तेंदुलकर होतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उत्तरेत 'अंबेडकर' झाले ते इतके रुळले की 2018 साली उत्तर प्रदेश सरकारला हुकूम काढावा लागला: सरकारी कागदोपत्री 'भीमराव रामजी आंबेडकर' असेच लिहावे. तेव्हाचे राज्यपाल राम नाईक यांनी तो आग्रह धरला होता, आणि आधार दिला होता घटनेच्या प्रतीवरील बाबासाहेबांच्या स्वतःच्या हिंदी सहीचा. मधल्या 'रामजी'वरून पुष्कळ राजकारण झाले, ते मी इथे आणत नाही. मला एवढेच महत्त्वाचे वाटते की वाद नावाचा होता आणि निवाडा नाव धारण करणाऱ्याच्या सहीने झाला. त्याहून मोठा पुरावा कोणता?

आम्हा बायकांना तर यात दुहेरी जाच. पुष्कळजणींना एक आडनाव जन्माने मिळते, ते तोंडात बसेपर्यंत दुसरे पदरात पडते. आणि मग बँकेत एक, आधारकार्डावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. माझ्या एका मैत्रिणीला नवऱ्यामागे कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी सात महिने हेलपाटे घालावे लागले. कारण काय, तर आडनावातला एक 'एच' एका कागदावर होता, दुसऱ्यावर नव्हता. त्या 'एच'ला आवाजसुद्धा नव्हता हो!

आता जे टोचत होते ते सांगते.

गेल्या वर्षी आपल्या रांगोळी स्पर्धेची बक्षिसे जाहीर करायचे काम माझ्याकडे होते. दुसऱ्या क्रमांकाचे नाव इंग्रजीत टाइप केलेले. आपल्या लता, सविता यांच्यासारखेच साधे नाव. पण त्यात 'टी'पुढे 'एच' होता म्हणून मी 'थ' म्हटले. पुढे वडिलांच्या नावात 'झेड' आणि 'एच' जोडीने आले, तिथे मी ठासून 'झ' म्हटले. दोनदा पुकारले. कुणी उठेना. मी ते पाकीट बाजूला ठेवून पुढचे नाव घेतले. कार्यक्रम संपल्यावर पाहिले, तर त्या बाई मागच्या रांगेत बसलेल्या, मांडीवर मुलगी. मी पाकीट घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताहात." मुलगी मात्र म्हणाली, "आई, शाळेत बाई मलापण तसंच म्हणतात. मी 'हजर' म्हणते."

त्या रात्री मला झोप आली नाही. चितळ्यांना चिताले म्हणणाऱ्यावर आयुष्यभर हसलेली बाई मी!

मग त्यांच्याच घरी जाऊन बसले आणि शिकले. दक्षिणेत इंग्रजी 'टी' बहुधा ट साठी राखतात, आणि त लिहायचा तर पुढे 'एच' जोडतात. विचार करून पाहा, ही रीत आपल्यापेक्षा शहाणपणाची आहे. त्या रीतीने वाचले असते तर लोकमान्यांचा ट तरी वाचला असता. आणि 'झेड-एच' हा झ नव्हेच. तमिळ आणि मल्याळम लिपींत त्याला स्वतंत्र अक्षर आहे. जीभ मागे वळवून, ळच्या शेजारी कुठेतरी त्याचा उच्चार होतो. तमिळ या शब्दाच्या शेवटी असतो तो हाच. नागरीत त्यासाठी ळखाली टिंब देण्याची सोयही आहे. आपण मराठी माणसे 'तमिळ' म्हणतो तेव्हा त्याच्या अगदी उंबरठ्यापर्यंत जातो, आणि तेच अक्षर कोळिकोडात आले की 'कोझिकोड' म्हणून परत फिरतो.

मला तो उच्चार अजून नीट जमत नाही. ती मुलगी माझी परीक्षा घेते; दहापैकी चार गुण देते. मागच्या आठवड्यात पाच दिले.

चिटणीसबाईंच्या संमतीने यंदा सभासदांच्या वहीत एक रकाना वाढवला आहे. नाव इंग्रजीत कसेही असो, त्या रकान्यात ते ज्याचे त्याने नागरीत लिहायचे, हाक यावी तसे. वही दाराजवळच्या टेबलावर आहे, शेजारी पेन बांधून ठेवले आहे. अजून एकवीस जणींचे रकाने कोरे आहेत, त्यांत आपल्या अध्यक्षीणबाईही आहेत. पन्हे घ्यायला जाण्याआधी तेवढे भरून टाका. बक्षिसे आज पुन्हा मीच वाचणार आहे.