सांगोल्याचे आबासाहेब : एका आमदाराची वाटचाल



गावात वर्गणी गोळा होते तेव्हा वही कोणाच्या हाती द्यायची, हा पहिला प्रश्न असतो. ज्याने मागचा हिशेब चोख दिला, त्याच्याकडेच लोक पुन्हा वही देतात. मताचेही तसेच आहे. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाने आपली वही एकाच माणसाच्या हाती ११ वेळा दिली. त्यांचे नाव गणपतराव देशमुख. सारा तालुका त्यांना आबासाहेब म्हणे. सुमारे ५० वर्षे ते महाराष्ट्र विधानसभेचे सदस्य होते. त्यांची वाटचाल आज आपणा सर्वांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

सांगोला हा पंढरपूरच्या शेजारचा, माण नदीच्या काठचा तालुका. नदी आहे, पण बारमाही पाणी नाही. पाऊस बेभरवशाचा. ज्वारी-बाजरी आणि मेंढरे यांवर पोट भरणारा हा मुलूख. अशा ठिकाणी आबासाहेब वकिलीचे शिक्षण घेऊन आले आणि शेतकरी कामगार पक्षाच्या कामाला लागले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ साली राज्याची पहिली निवडणूक झाली. त्याच निवडणुकीत ते प्रथम निवडून आले. १९६७ साली पुन्हा आले.

त्या काळी राज्यात काँग्रेसची सत्ता होती आणि विरोधी पक्षातील अनेक कर्ती माणसे एकामागून एक तिकडे जात होती. शेतकरी कामगार पक्ष ज्यांनी उभा केला, ते केशवराव जेधे आणि शंकरराव मोरेसुद्धा पुढे काँग्रेसमध्ये परतले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. सत्तेत गेल्याने कामे लवकर होतात, असा त्यामागे विचार असे. आबासाहेबांनी मात्र पक्ष सोडला नाही. लाल बावटा खांद्यावर घेतला तो अखेरपर्यंत.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९७२ साली, ऐन दुष्काळाच्या वर्षी, त्यांचा पराभव झाला. १९७४ साली पोटनिवडणूक लागली, तीत ते निवडून आले. पुढे १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा चारही निवडणुका जिंकल्या. १९९५ साली मात्र अवघ्या १९२ मतांनी ते पडले. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीला टेकत आले होते. एवढ्या थोडक्या मतांनी हरलेला माणूस या वयात घरी बसतो, नाही तर रुसून दुसरा घरोबा शोधतो. आबासाहेबांनी दोन्ही केले नाही. गावोगावचा संपर्क चालू ठेवला आणि १९९९ साली लोकांनी त्यांना पुन्हा विधानसभेत पाठविले. त्यानंतर २००४, २००९ आणि २०१४ असे ते सलग निवडून येत गेले.

इतक्या वर्षांत मंत्रिपद त्यांच्याकडे दोनदाच आले. १९७८ साली शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात, आणि १९९९ साली विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात. बाकी सारा काळ विरोधी बाकावर गेला. मंत्री असताना जसे होते तसेच ते नंतरही राहिले. आमदार असताना एस.टी.ने प्रवास करणारा माणूस म्हणून त्यांची ओळख महाराष्ट्रभर झाली. ही साधेपणाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु नुसत्या साधेपणावर ११ निवडणुका जिंकता येत नाहीत. काम दिसावे लागते.

ते काम प्रामुख्याने पाण्याचे होते. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९७६ साली अंतिम निवाडा दिला आणि कृष्णा खोऱ्यातील ५६० अब्ज घनफूट पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला आले. कागदावर पाणी मिळाले, पण ते चढावरच्या दुष्काळी तालुक्यांत उचलून आणल्याशिवाय येणार नव्हते. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख यांनी दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्यांना एकत्र केले. शेजारच्या आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. दुष्काळी भागाला पाणी द्या आणि ते सर्वांना समान वाटून द्या, ही त्यांची मागणी होती. कराडजवळचे टेंभू आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथून कृष्णेचे पाणी पंपांनी उचलण्याच्या योजना झाल्या आणि सांगोल्याच्या काही भागात ते पाणी पोहोचले. यासाठी विधानसभेत तोच प्रश्न वर्षानुवर्षे विचारावा लागला, आणि बाहेर मोर्चे काढावे लागले.

दुसरे काम सहकाराचे. जिथे पाणी नाही तिथे उसाचा आग्रह कशाला? सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. पुढे महिलांचीही सहकारी सूतगिरणी झाली. १९९० च्या सुमारास राज्याने रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू केली, तिचा लाभ घेऊन या तालुक्यातील शेतकऱ्यांनी माळावर डाळिंब लावले. कमी पाण्यावर येणाऱ्या या फळाने सांगोल्याचे नाव दूरवर गेले. त्यात कष्ट शेतकऱ्यांचेच होते, हेही तितकेच खरे. पुढे तेल्या रोगाने बागांचे अतोनात नुकसान झाले तेही त्यांनीच सोसले.

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. आमदार सत्तेत असता तर पाणी लवकर आले असते, असे म्हणणारे लोक सांगोल्यातही होते आणि आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे म्हणता येणार नाही. विरोधी आमदाराच्या तालुक्याला निधीसाठी जास्त खेटे घालावे लागतात, हे कोणत्याही कचेरीत दिसते. परंतु सत्ताधारी पक्षाचे आमदार असलेले दुष्काळी तालुकेही पाण्यासाठी तितकेच तिष्ठत राहिले. मग सांगोल्याला अधिक काय मिळाले? मत दिले तो माणूस मत दिले त्याच जागी पाच वर्षे सापडेल, एवढी खात्री मिळाली. पक्षांतराच्या या दिवसांत ती खात्री किती दुर्मिळ झाली आहे, हे सांगायला नको.

२०१९ साली वयोमानामुळे त्यांनी निवडणूक लढविली नाही. त्यांचे नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. म्हणजे लोकांनी घराणे म्हणून वही आंधळेपणाने दिली नाही. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे वयाच्या ९४ व्या वर्षी आबासाहेबांचे निधन झाले. २०२४ साली त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख त्याच पक्षातर्फे निवडून आले. त्यांचाही हिशेब लोक मागतीलच, आणि मागावा.

आबासाहेबांनी एवढेच दाखवून दिले की सत्ता नसली तरी लोकप्रतिनिधीला काम करता येते, आणि हरला तरी लोकांत राहता येते. असा माणूस निवडणे हे मात्र आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी दारात उमेदवार आला की त्याला पक्ष विचारण्याआधी मागचा हिशेब विचारावा, एवढी विनंती.

जय हिंद! जय महाराष्ट्र!