कसब शिकवावें, पण कोणाच्या मुलांस?

(लोहारा तालुक्यांतील एका पालकसभेंत झालेलें भाषण)



मुलास गुण किती पडले एवढें विचारून आपण मोकळे होतों. आज मी गुणांविषयीं नव्हे, हाताविषयीं बोलणार आहें.

सन १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनापुढें मागणी केली कीं, खेड्यांतील मुलांस मोडी व बाळबोध लिहितां-वाचतां यावें, हिशेब यावा, शेतीचें व आरोग्याचें ज्ञान मिळावें. आज मोडीच्या जागीं संगणक आला, इतकाच फरक. सातबारा, पीकविमा सारें पडद्यावर. आणि आपण दुसऱ्याच्या दुकानांत पैसे मोजून उभे! सोयाबीनचा ओलावा मोजणारें यंत्र व्यापाऱ्याच्या हातीं. त्यावर आंकडा काय आला व भाव किती कापला, हा हिशेब आपल्या सातवींतल्या मुलीस करतां आला पाहिजे.

हातांत कसब आहे तेवढें पुरे, असें म्हणणारांस ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची आठवण करून देतों. आपल्या भागांतील दगडमातीचीं घरें पडलीं. लातूर व आपला जिल्हा मिळून सुमारे ८ हजार माणसें गेलीं. घरें बांधणाऱ्या गवंड्यांचे हात कच्चे नव्हते. पण जाड भिंतीचे दोन्ही पदर सांधणारा आडवा दगड नव्हता, आणि वर मातीचें जड माळवद. मागाहून गवंड्यांस भिंतीवर काँक्रीटचा पट्टा कां घालावा तें शिकविण्यांत आलें. तें आधीं शाळेंत कां नाहीं शिकवलें?

सन २०२० च्या शिक्षण धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ काम शिकावें असें आहे. गोष्ट चांगली, पण डोळ्यांत तेल घालून पहा. सन १९५३ त मद्रास राज्यांत राजगोपालाचारींनीं शाळेची वेळ कमी केली, कां तर उरल्या वेळांत मुलांनीं बापाचा धंदा शिकावा! पेरियार व तेथील ब्राह्मणेतर मंडळींनीं रान उठविलें आणि १९५४ त ती योजना मागें गेली. कुंभाराचा मुलगा चाकावर व वकिलाचा पुस्तकावर, अशी जुनी वांटणी त्यांना नको होती.

तेव्हां विचारा कीं, तहसीलदारांचा मुलगा चिखलांत हात घालतो काय? आणि कुंभाराची मुलगी संगणकापुढें बसते काय? एका शाळेंत, नांव घेत नाहीं, मीं संगणकांवर फडकीं टाकलेलीं पाहिलीं. मास्तर म्हणाले, "मुलें मोडतील." अहो, मोडतील तर दुरुस्त करावयास शिकतील! लोहाराचा पोर दहा खिळे वांकडे केल्यावांचून अकरावा सरळ करतो काय?

सन २००९ च्या कायद्यानें शाळेच्या व्यवस्थापन समितींत पाऊण सभासद पालक असले पाहिजेत व निम्म्या स्त्रिया. पुढची बैठक कधीं आहे, तें उद्यां शाळेंत जाऊन विचारा. संगणकाच्या खोलीची किल्ली कोणाजवळ असते, तेंही विचारा.