मालदीव: मासळीकडून पर्यटनाकडे

मालदीवमध्ये सुमारे 1200 बेटं आहेत, पण शेतीजोगी जमीन अगदी थोडी. देश जगत होता तो मुख्यतः टूना मासळीवर. 1972 साली इटलीहून पर्यटकांची पहिली तुकडी आली, त्याच वर्षी कुरुम्बा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं. 2024मध्ये पाहुण्यांचा आकडा 20 लाखांवर गेला. परकीय चलन आज सर्वाधिक मिळतं ते पर्यटनातूनच. मात्र ताटातलं बहुतेक सगळं आयात होतं, त्यामुळे आलेल्या डॉलरांतला मोठा वाटा पुन्हा बाहेर जातो. शिवाय रिसॉर्टं वेगळ्या, निर्जन बेटांवर; गावाच्या हाती फारसं काही लागत नसे. 2010च्या सुमारास वस्तीच्या बेटांवरही गेस्टहाऊसना मुभा मिळाली. मला हाच बदल सर्वांत मोलाचा वाटतो. माफुशीसारख्या बेटावर आता स्थानिक कुटुंबं स्वतः पाहुणे ठेवतात.