रुग्णालयाची परीक्षा

३१ जानेवारी २०२१ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजी तालुक्यांत, कापसी-कोपरी येथें, पोलिओच्या थेंबांऐवजीं बारा बालकांच्या मुखांत सॅनिटायझर गेला. सुदैवानें मुलें बचावलीं. संबंधितांवर कारवाई झाली, आणि लोकक्षोभ शमला. पण लसीच्या कुपीवर उष्णतेनें रंग पालटणारा चौकोन असतो. थेंब देण्यापूर्वीं तो पाहावयाचा असतो. तो पाहिला असता, तर बाटली दुसरीच आहे हें कळल्यावांचून राहिलें नसतें! दोष केवळ माणसाचा नव्हे, मोडलेल्या शिस्तीचाही आहे.

सरकारी रुग्णालयांसाठीं गुणवत्तेचीं राष्ट्रीय मानकें २०१३ सालीं आलीं. त्यांचा परीक्षक स्वतः निरीक्षण करतो, कर्मचाऱ्यांशीं व रुग्णांशीं बोलतो, कागदपत्रें तपासतो. यांपैकीं कागदांवर भिस्त कमी ठेवावी, असें मला वाटतें. नोंदवह्या बहुधा सुबकच असतात. २०१७ सालीं कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेनें याच जिल्ह्यांत शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले. तेव्हां येथील परीक्षकानें फवारणीच्या हंगामांत, भाद्रपदांतील एखाद्या रात्रीं, न कळवितां जावें आणि पाळीवरील परिचारिकेस अ‍ॅट्रोपिन काढून दाखवावयास सांगावें. हातांत घड्याळ असूं द्यावें.