संगणकाला सांगता आले पाहिजे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)





दहावी-बारावीनंतर ज्यांचे शिक्षण थांबले, अशा मुलामुलींसाठी संस्थेने संगणकाचा पहिला अभ्यासक्रम सुरू करावा, असा विचार चालू आहे. त्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली. मी कला शाखेचा पदवीधर, भाषा आणि इतिहास शिकविणारा मास्तर. तेव्हा तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर स्वतः एकदा चुकलेला माणूस म्हणून बोलतो.

दोन वर्षांपूर्वी नववीचा निकाल मी प्रथमच संगणकावर तयार केला. वर्गातील एक मुलगी तापामुळे दोन पेपरांना बसू शकली नव्हती. रकाना मोकळा दिसू नये म्हणून मी तेथे शून्य लिहिले. यंत्राने बेरीज केली, टक्के काढले आणि तिच्या नावापुढे ‘नापास’ असा शेरा उमटला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. ते रागावले नव्हते. “सर, नापासच झाली असेल तर राहू दे आता घरी,” एवढेच म्हणाले.

यंत्र चुकले नव्हते. ‘शून्य गुण मिळाले’ आणि ‘परीक्षेला बसली नाही’ या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मी त्याला सांगितलेच नव्हते. निकाल दुरुस्त केला, फेरपरीक्षा झाली, ती मुलगी आज अकरावीत आहे. परंतु वडील त्या दिवशी शाळेत आलेच नसते तर? हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही.

मित्रहो, संगणक चालविणे ही एक विद्या आणि संगणकाला सांगणे ही दुसरी. पहिलीचा प्रसार आपल्याकडे पुष्कळ झाला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली. त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लाखो लोकांच्या मनातील यंत्राची भीती घालविली, हे उपकार विसरता येत नाहीत. मात्र माझी चूक झाली ती यंत्र चालविता येत नव्हते म्हणून नव्हे, सांगता येत नव्हते म्हणून. पुढची पायरी ती आहे.

ही पायरी शास्त्र शाखेच्या हुशार मुलांसाठीच असते, असा आपला समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्‌झ या दोघा गणितज्ञांनी १९६४ साली ‘बेसिक’ ही भाषा तयार केली, ती शास्त्राबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणूनच. त्याच देशात इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली ज्या प्रकारचे सार्वजनिक महाविद्यालय निघाले, त्याला आज कम्युनिटी कॉलेज म्हणतात. घराजवळ, कमी फीत, नोकरी किंवा संसार सांभाळून शिकता येते. प्रोग्रॅमिंगचा पहिला वर्ग तेथे पाटी कोरी असणाऱ्यांसाठीच असतो. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, म्हणजे २०१२ ते २०१७ दरम्यान, अशा महाविद्यालयांची योजना आणली. आपला विचार याच जातीचा आहे.

शिवाय हे ज्ञान आपल्याला परके नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझमी यांनी हिशेबाच्या रीती पायरीपायरीने लिहून ठेवल्या. त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरूनच ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. परंतु पूर्वजांचे नाव घेऊन टाळ्या मिळतात, विद्या मिळत नाही. ती नव्याने कमवावी लागते.

पहिल्या वर्गात असते तरी काय? घरचेच उदाहरण घेऊ. जकातीचा हिशेब यंत्राकडून करून घ्यायचा आहे. रक्कम विचारा. ती निसाबाहून कमी असेल तर जकात नाही. निसाबाइतकी वा अधिक असेल आणि चांद्र वर्ष पूर्ण झाले असेल, तर तिचा चाळिसावा भाग काढा. ‘पायथन’ भाषेत हे पाचसहा ओळींत बसते. मुलांना वाटते, झाले! मग विचारावे: निसाब सोन्याचा धरला की चांदीचा? देणे वजा करायचे की नाही? यात हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. ते आलिमांना विचारून आधी ठरवावे लागेल, यंत्र ते ठरवीत नाही. जे आपण मोघम ठेवले, तेथेच चूक दबा धरून बसते.

कोणी म्हणतील, आता हे शिकायचे कशाला? २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, त्यानंतर यंत्रेच प्रोग्रॅम लिहून देऊ लागली. खरे आहे. जकातीचा प्रोग्रॅमही ते क्षणात लिहून देईल. पण त्यात कोणता निसाब आणि कोणते मत धरले आहे, हे वाचून ओळखणारा माणूस आपल्या वस्तीत हवा की नको? लिहिणारे स्वस्त झाले, म्हणून तपासणाऱ्याची गरज वाढली आहे.

संस्थेला माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, वर्गाची वेळ शिकणाऱ्यांच्या सोयीची असावी: दुकानात काम करणाऱ्या मुलांसाठी रात्री, घरकाम आटोपून येणाऱ्या मुलींसाठी दुपारी. दुसरी, समजावून सांगणे मराठीत किंवा उर्दूत व्हावे. पायथनचे राखीव इंग्रजी शब्द अवघे पस्तीसच्या आसपास आहेत, ते पाठ होतील. इंग्रजी कच्चे म्हणून दार बंद करू नये. तिसरी, परीक्षा पर्यायावर खूण करण्याची नसावी. प्रत्येकाने आपल्या घरातील वा दुकानातील एक हिशेब यंत्राला स्वतः सांगून दाखवावा, आणि तो कोठे चुकू शकेल तेही सांगावे.

या एका अभ्यासक्रमाने नोकरी लागेल, असे वचन मी देत नाही. पालकांनीही तसे धरून चालू नये. मात्र पडद्यावर उमटलेल्या शेऱ्यापुढे मान खाली घालून परत न जाता, ‘हे कसे आले, दाखवा,’ असे विचारणारी मुले-मुली त्यातून तयार होतील. त्या दिवशी शाळेत आलेल्या वडिलांना तो प्रश्न विचारता आला नाही. त्यांच्या मुलीला तो विचारता यावा, एवढीच माझी इच्छा आहे.