घर हललं तरी बारावी हलवू नका

(सिल्लोड येथे अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेलं भाषण)



दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातल्या किती घरांना कुलूप लागतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. कापूस वेचून झाला, मका विकला, हातात फार उरलं नाही, की कुणी वाळूजला कंपनीत जातं, कुणी चाकणला, कुणी भिवंडीला, कुणी थेट सुरतेला. रोजीरोटीसाठी गाव सोडण्यात लाज नाही. पण जायचं ठरवताना घरातल्या एका माणसाला कुणी विचारत नाही: बारावीला असलेल्या मुलाला किंवा मुलीला.

बारावीचं वर्ष दिवाळीनंतर संपतच आलेलं असतं. 2025 मध्ये लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली. प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या विषयांत 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे. जर्नल, त्यावरच्या सह्या, परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, सगळं कॉलेजशी बांधलेलं. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे: घर जाऊ द्या, पण पोराचं नाव परीक्षेपर्यंत इथेच राहू द्या. प्रश्न चार-पाच महिन्यांचा आहे.

जाण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर क्रम पाळा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवी सिस्टीम नीट चालल्याशिवाय जुनी बंद करत नाहीत. दाखल्याचंही तसंच. नव्या कॉलेजने जागा देतो असं लेखी दिल्याशिवाय जुन्या कॉलेजातून टीसी काढू नका. बारावीत कॉलेज बदलायला विभागीय मंडळाची परवानगी लागते, तीही आधी विचारून घ्या. वाळूज आपल्याच मंडळात येतं. चाकण पुणे मंडळात, भिवंडी मुंबई मंडळात. आपले विषय तिथे आहेत का, तेही बघा. इथे उर्दू घेतलेली असेल आणि तिथल्या कॉलेजात उर्दूच नसेल, तर काय करणार?

राज्याबाहेर जाणाऱ्यांनी दुप्पट विचार करावा. एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारण नियम असा, की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. सुरतेतून बारावी केली, तर नीटमध्ये चांगले गुण मिळूनही हा दरवाजा बंद होऊ शकतो.

आता खरी अडचण. मुलगा असेल तर आपण म्हणतो, "राहू दे मामूंकडे." मुलगी असेल तर म्हणतो, "एकटी कशी ठेवायची? पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष बहुतेक वेळा येत नाही. त्याआधी रिश्ता येतो. बारा वर्षांची मेहनत चार महिन्यांसाठी सोडून देणं हा हिशेब कुठला?

आपलं गणगोत इथेच पसरलेलं आहे. भराडीला खाला असेल, अजिंठ्याला फुफू असेल, तर बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. अम्मी महिन्यातून दोनदा येऊन भेटू शकते. आणि ज्यांच्या घरी मुलगी राहील, त्यांना हात जोडून सांगतो: ती शिकायला आलीय, भांडी घासायला नाही. संध्याकाळी तिच्या हातात लाटणं दिसलं, तर आपण तिला आसरा दिला नाही, फुकटची कामवाली ठेवली. तिचा खर्च आई-बापांनी धान्य, पैसे, जे जमेल ते देऊन उचलावा, म्हणजे ओझं वाटणार नाही.

ज्यांचे कुणीच नातेवाईक नाहीत, त्यांच्यासाठी मोहल्ल्याने उभं राहावं. दरवर्षी दिवाळीआधी चार जणांनी बसून यादी करावी: आपल्या गल्लीत बारावीला कोण आहे, कुणाचं घर बाहेर जाणार आहे, कुणाकडे एक खाट टाकायला जागा आहे. याला ना निधी लागतो, ना कुणा पुढाऱ्याची चिठ्ठी.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही गप्प बसू नका. आज घरी गेल्यावर अब्बूंना विचारा, "यंदा जायचं आहे का?" हो म्हणाले, तर रडू नका, भांडू नका. कागद घ्या, परीक्षेच्या तारखा, राहायची जागा आणि महिन्याचा खर्च लिहून त्यांच्यापुढे ठेवा. आपल्याकडचे बाप कठोर नाहीत, घाईत असतात. त्यांना हिशेब दाखवला की ते थांबून ऐकतात.