वीज खाजगी झाली तर कोरडवाहू शेतकऱ्याचे काय?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या काही बैठकांत आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो आहे. 'वीज खाजगी कंपनीकडे जाणार म्हणतात. आपण विरोध करायचा की पाठिंबा द्यायचा?' विचारणाऱ्यांत दोन तट आहेत. एकाचे म्हणणे, कंपनी आली की लूट सुरू. दुसऱ्याचे म्हणणे, येऊ द्या, निदान जळालेली डीपी तरी वेळेवर बदलून मिळेल. दोघेही कंपनीच्या पाटीकडे पाहताहेत, करार कुणी वाचत नाही. आमच्या मते पाटी कुणाची हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की शेताच्या तारेतून किती वीज गेली हे कोण मोजणार, आणि जी मोजलीच नाही ती कुणाच्या नावावर टाकणार? आज आम्ही तेवढ्यावरच बोलणार आहोत.

खाजगी वीज कंपनी ही काही नवी चीज नाही. नागपुरात आणि अमरावतीत इंग्रजांच्या काळापासून खाजगी कंपन्याच वीज देत होत्या. त्यांनी शहरात दिवे लावले, जिनिंग-प्रेसिंगला वीज दिली आणि तिथेच थांबल्या. खेड्यात तार नेऊन नफा होत नाही हे त्यांना पक्के कळत होते. १९४८ साली वीज पुरवठ्याचा कायदा झाला, १९६० साली महाराष्ट्राचे वीज मंडळ झाले, आणि त्यानंतर खांब शेतापर्यंत आला. मंडळाचे हे उपकार आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्या खांबाबरोबर वायरमनची मिनतवारी, वर्गणी काढून आणलेले तेल आणि रात्री दोन वाजता येणारी थ्री फेजही आली. पण तार आली, हे खरे.

पुढे २००३ साली विजेचा नवा कायदा झाला आणि २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. त्याच कायद्यात फ्रँचायझीची वाट आहे. ही भानगड नीट समजून घ्या, कारण 'खाजगीकरण' म्हणून आपल्या राज्यात आजवर जे झाले ते बहुतेक हेच आहे. परवाना महावितरणचाच राहतो. कंपनी एका भागाच्या वेशीवर वीज घाऊक विकत घेते आणि आत तुम्हाआम्हाला आयोगाने ठरवलेल्या दराने विकते. घाऊक भाव टेंडरमध्ये ठरतो. शंभर युनिट विकत घेतली आणि बिले साठचीच झाली, तर चाळीसची खोट कंपनीची. बिले ऐंशीची झाली तर वरची वीस तिच्या पदरात. म्हणजे जिथे आकडे जास्त, चोरी जास्त, थकबाकी जास्त आणि शिवाय वसूल करण्याजोगे गिऱ्हाईक आहे, तिथे कंपनीला मलई.

आता यादी बघा. भिवंडी, २००७, टोरंट कंपनी. यंत्रमागाचे गाव. गळती आणि न वसूल होणारी बिले मिळून निम्म्याहून जास्त वीज बुडत होती. कंपनीने ती झपाट्याने खाली आणली. ट्रान्सफॉर्मर जळणेही कमी झाले. हे मान्य केले पाहिजे, विरोधासाठी विरोध करण्यात अर्थ नाही. २०११ मध्ये औरंगाबाद जीटीएल कंपनीकडे गेले, २०१४ मध्ये थकबाकीच्या वादात परत आले. जळगाव २०११ मध्येच क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जकडे गेले, २०१५ मध्ये परत. नागपूरचे तीन विभाग २०११ मध्ये स्पॅन्कोकडे गेले, वर्षभरात ती कंपनीच एस्सेल समूहाच्या हातात गेली आणि २०१९ मध्ये सगळे पुन्हा महावितरणकडे. २०२० मध्ये मालेगाव आणि मुंब्रा-शीळ-कळवा. २०२२ मध्ये अदानीच्या कंपनीने समांतर परवाना मागितला तो भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबईचा. त्यावरून जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी संप केला तो तुम्हाला आठवत असेल.

या यादीत काय दिसते? शहर, नाही तर शहराला चिकटलेला भाग. मानोऱ्याचा, मंठ्याचा, धारणीचा परवाना मागायला कुणी टेंडर भरल्याचे तुमच्या कानावर आले आहे का? मग आपला या सगळ्याशी काय संबंध, असे वाटेल. संबंध आहे. शहरातले आणि कारखान्याचे गिऱ्हाईक आज जास्त दर देते आणि त्यातून शेतीचा दर काही अंशी भागतो. चांगले गिऱ्हाईक कंपन्यांनी उचलले की महावितरणकडे उरतील गावे, लांबच लांब तारा आणि तुमचे-आमचे पंप. मग ओरड होईल की शेतकऱ्यामुळे वितरण बुडाले. ही ओरड आजही आहे, तेव्हा तिला आकडे मिळतील.

आता आमच्या शेतकी शिक्षणाचा थोडा उपयोग करू. कागद-पेन्सिल असेल तर काढा.

पऱ्हाटीला बोंडे भरताना एक संरक्षित पाणी दिले तर सहा सेंटिमीटरची पाळी धरू. एका एकराला ते होते सुमारे २ लाख ४३ हजार लिटर. पाच एच.पी.ची मोटार, पाणी पंचवीस मीटरवर, तर तासाला तीस हजार लिटरच्या आसपास पाणी पडते. म्हणजे एका एकराला आठ तास. पाच एच.पी. म्हणजे तासाला पावणेचार युनिट. एकरी एका पाळीला तीस युनिट झाले. चार एकर कपाशीला दोन पाळ्या, २४० युनिट. दोन एकर रब्बी ज्वारीला पोटरीत एक पाळी, ६० युनिट. वर्षाचे ३००. मोटार दोन-तीनदा रिवाइंड केलेली असेल, व्होल्टेज पडत असेल, तर ४०० धरा. यापेक्षा जास्त पाणी द्यायचे म्हटले तरी विहिरीत ते असले पाहिजे. आपल्या विहिरी पौषात तळ दाखवतात, त्या काही उसाच्या पट्ट्यातल्या कॅनॉलखालच्या विहिरी नव्हेत.

ज्या पंपाला मीटर नाही त्याचा वापर मात्र एच.पी.वरून आडाख्याने धरतात. समजा आडाखा वर्षाला हजार तासांचा आहे. पाच एच.पी.चे झाले ३,७३० युनिट. तुम्ही वापरली चारशे. उरलेली ३,३३० कुठे गेली? ती तुमच्या शेतात आलीच नाही. ती कुठेतरी आकड्याने गेली, तारेत जळाली, नाही तर कुणाच्या तरी बंद मीटरमागे गिरणीत फिरली. कागदावर मात्र ती शेतकऱ्याने वापरली.

हे आमच्या मनचे नाही. १९९९ साली राज्यात वीज नियामक आयोग आला. तोवर मंडळ आपली गळती वीस टक्क्यांच्या आत दाखवत असे. आयोगापुढे हिशेब मांडायची वेळ आली तेव्हा तीच गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. एका वर्षात तारा जुन्या झाल्या का? आधी जी वीज शेतीच्या खात्यात टाकली जात होती तिचे खरे नाव लिहावे लागले, इतकेच. पुन्हा २०२० च्या दर-आदेशात आयोगाने शेतीचा वापर महावितरणने दाखवला त्यापेक्षा कमी धरला आणि फरक गळतीत टाकला. वीस वर्षांनी तेच. मधल्या काळात राज्यातला प्रत्येक अग्रलेखवाला आपल्याला फुकट्या म्हणून गेला.

ओरिसाची गोष्ट याच्याशी जोडून ऐका. देशात वितरणाचे खाजगीकरण पहिल्यांदा तिथे झाले, १९९९ साली. चार कंपन्या विकल्या. तीन गेल्या बीएसईएसकडे, जी पुढे रिलायन्सच्या ताब्यात आली, आणि मधल्या भागाची गेली एईएस या अमेरिकन कंपनीकडे. त्याच ऑक्टोबरात महाचक्रीवादळ आले, किनाऱ्यावरच्या तारा-खांब आडवे झाले. २००१ साली एईएस सोडून गेली. उरलेल्या तिघांचे परवाने आयोगाने २०१५ मध्ये रद्द केले. आता २०२० आणि २०२१ पासून चारही ठिकाणी टाटा पॉवर आहे. विकताना ओरिसाची गळती चाळीस टक्क्यांच्या वर होती. आणि तिथे शेतीपंप किती? एकूण विजेत शेतीचा वाटा अगदी किरकोळ. पंपच नव्हते, तर मग वीज कोण पीत होते? गळतीला शेतकरी लागत नाही, एवढे ओरिसाने दाखवून दिले. आणि मालक बदलला म्हणून ती आपोआप थांबत नाही, हेही.

आपल्याच राज्यात ग्रामीण भागातला एक प्रयोग झाला, तो कंपनीचा नव्हता, सहकारी होता. अहमदनगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था. सभासद गावचे, पुढारी गावचे, पंपांचा भार मोठा. महावितरणची देणी वाढत वाढत गेली आणि २०११ साली परवाना संपला तेव्हा तो भाग महावितरणकडे आला. सहकारवाल्यांना हे बोललेले आवडत नाही. पण ज्याच्याकडे फक्त शेतीची गिऱ्हाईके उरतात त्याचे काय होते, हे बघायला लांब जायला नको.

आता कुणी म्हणेल, बिल माफ आहे, कशाला डोके शिणवायचे? साडेसात एच.पी.पर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत, योजना मार्च २०२९ पर्यंतची. बिल शासन भरणार. पण शासन भरणार ते कशाच्या आधारावर? एच.पी. आणि आडाखा. ज्या दिवशी शासन हात वर करेल त्या दिवशी हाच आडाखा तुमच्या नावावर बिल होऊन येईल. कायद्यात लिहिले आहे की सवलत द्यायची तर शासनाने पैसे आगाऊ द्यावेत. शासनाची आगाऊ देण्याची रीत तुम्हाला कापूस एकाधिकाराच्या चुकाऱ्यापासून माहीत आहे. खाजगी कंपनी अशा उधारीच्या गिऱ्हाईकाची डीपी आधी बदलेल, की रोख देणाऱ्या कोल्ड स्टोरेजची?

आणि एक बारीक गोष्ट, जिच्याकडे फार थोडे लोक बघतात. बिलावर एच.पी. किती लिहिली आहे ते पाहा. अनेक ठिकाणी तीनचे पाच, पाचचे साडेसात परस्पर झालेले आहेत. साडेसातचे दहा झाले असतील तर तुम्ही मोफत योजनेतूनच बाहेर. शिवाय वाढलेल्या प्रत्येक एच.पी.मागे गळती लपवायला तेवढी जागा वाढते.

म्हणून कंपनीबद्दल आमची भूमिका अशी. ती भिवंडीसारखी चोरी थांबवून दाखवणार असेल तर आमची ना नाही. पण करार मराठीत छापून तालुक्याच्या ठिकाणी वाचायला मिळाला पाहिजे. एन्रॉनचा करार वाचायला मिळेपर्यंत राज्याने सही करून टाकली होती. शहर घ्यायचे तर त्याच्या भोवतीच्या गावांसकट घ्या, मलई काढून ताक आमच्याकडे ठेवू नका. शेतीच्या फीडरवर उपकेंद्रात जे मीटर आहे त्याचा दर महिन्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे, आणि डीपीलाही मीटर पाहिजे. पंपाला मीटर लावायला आपण घाबरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला मीटरने नुकसान होत नाही, आडाख्याने होते. ज्यांचा पंप बारा महिने चालतो त्यांनी काय ते त्यांचे पाहावे. आणि हे सगळे महावितरणलाही लागू, तिला वेगळा न्याय नको.

डीपी जळाली तर ग्रामीण भागात ४८ तासांत बदलून देण्याचे बंधन आयोगाच्या नियमांत आहे आणि उशीर झाला तर ठरलेली भरपाई आहे. मालक कोणीही असो. पण तक्रार लेखी पाहिजे आणि पोच पाहिजे. वायरमनला फोन केला, तो 'बघतो' म्हणाला, ही तक्रार होत नाही. दाद न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल, नागपूरला आणि मुंबईला. वकील लागत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणायच्या. आपला शेतीचा फीडर कुठला आणि तो कुठल्या उपकेंद्रावरून येतो. त्या फीडरवरच्या पंपांची संख्या, बिलावरची एच.पी. आणि मोटारीच्या पाटीवरची खरी एच.पी. आणि गेल्या हंगामात प्रत्येक पंप किती दिवस, दिवसाला किती तास चालला, आठवेल तसे. वही दोनशे पानी घ्या, साठ पानी पुरणार नाही. घरातल्या बाईला जरूर विचारा. पाणी किती रात्री गेले हे तिला जास्त नेमके ठाऊक असते, कंदील घेऊन बांधावर तीच उभी होती. उपकेंद्रातले फीडरचे आकडे माहिती अधिकारात मागवण्याचा अर्ज आम्ही छापून आणला आहे, जाताना दारातल्या टेबलावरून गावागणिक दोन प्रती घेऊन जा.